तीस हेलपाटे आणि डोक्यातली चकती

मेंदूतली गाठ काढली की तिच्या जागी पोकळी राहते. कवटी बंद करण्याआधी त्या पोकळीच्या भिंतींवर कोलॅजनच्या चौकोनी चकत्या लावायच्या. प्रत्येक चकती दोन सेंटिमीटर लांब-रुंद, आत सीझियम-१३१ या किरणोत्सारी द्रव्याचे चार बारीक दाणे. लावायला काही मिनिटं पुरतात. मग टाके घालायचे आणि जखम सावरली की रुग्ण घरी. किरणं आतल्या आत आपलं काम करत राहतात, सहा आठवडे रोज मशीनखाली झोपायला यायची गरज नाही, असं सांगितलं जातं. अमेरिकेत ‘गॅमाटाइल’ या नावाने या सोयीला २०१८मध्ये परवानगी मिळाली. ही माहिती मोबाइलवरून फिरत फिरत आपल्याकडे आली आणि कोल्हापुरी पद्धतीने लगेच दोन फळ्या पडल्या. एक म्हणते, हे कोल्हापुरात का नाही, आम्ही काय कमी आहोत? दुसरी म्हणते, माणसाच्या डोक्यात अणुबॉम्ब ठेवून त्याला पोराबाळांत पाठवायचं, हे कसलं औषध? ‘जगात भारी’ हे चपलेला आणि मिसळीला शोभतं. उपचार ठरवताना ते बाजूला ठेवलेलं बरं. आणि अणुबॉम्बची भाषा तर मुद्दलातच चुकीची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आतून द्यायच्या किरणांना माझा विरोध नाही. गाठ परत आली आहे आणि बाहेरून द्यायचा डोस एकदा देऊन झाला आहे, अशा रुग्णासाठी ही सोय आपल्या भागात कुठेतरी एका ठिकाणी, नीट नोंदी ठेवून, जरूर व्हावी. पण गावाकडच्या माणसाचे हेलपाटे वाचावेत म्हणून पहिल्याच ऑपरेशनला सगळ्यांना ती बसवा, ही मागणी मला पटत नाही. हेलपाट्यांवरचा इलाज वेगळा आहे. तो स्वस्त आहे, आजपासून करता येण्यासारखा आहे, आणि कोल्हापूरला तो शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

भीतीचा मुद्दा लवकर निकाली निघतो. सीझियम-१३१चा अर्धायुष्यकाळ ९.७ दिवसांचा, म्हणजे दर ९.७ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते. तीन वेळा निम्मी झाली, म्हणजे साधारण २९ दिवस गेले, की एकूण डोसाच्या आठ भागांतले सात देऊन झालेले असतात. ९७ दिवसांनी उरतो हजारावा भाग. शिवाय हे किरण कमी ऊर्जेचे, ३० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे. त्यांतले बरेचसे डोक्यातच विरतात. सुरुवातीचे काही आठवडे लहान मुलांना आणि गरोदर बायकांना फार वेळ जवळ घेऊन बसू नये, इतपत पथ्य पुरतं. ‘घरभर किरणं पसरतील’ ही भीती भौतिकशास्त्रात बसत नाही. मात्र एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. हे आजार असे आहेत की काही रुग्ण पहिल्या तीन महिन्यांतच दगावतात. आपल्याकडे दहन होतं, पंचगंगेच्या घाटावर शेणी रचून, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचेच लोक रक्षा सावडायला जातात. धातूचे ते दाणे त्या रक्षेत असणार. अशा वेळी कुणाला कळवायचं, काय करायचं, याची लेखी पद्धत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसवून आधी तयार हवी. घाबरणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता तर त्यांचं काही चुकलं नसतं. ते बॉम्बवर अडकले.

आता मागणी करणाऱ्यांकडे येऊ, कारण त्यांच्या बोलण्यात खरोखर वजन आहे. ग्लायोब्लास्टोमा ही मोठ्या माणसांत आढळणारी मेंदूची सर्वांत आक्रमक गाठ. तिच्यासाठी ऑपरेशननंतरचा ठरलेला उपचार म्हणजे ६० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) रेडिएशन, ३० भागांत, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची गोळी. एका भागाचं प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं. पण ते कसं होतं ते बघितलं पाहिजे. पहिल्या दिवशी जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. थंड झाला की त्याचा मुखवटा होतो, कपाळ, नाक, हनुवटी सगळं जसंच्या तसं उमटलेलं. मग रोज तो मुखवटा चढवायचा आणि कडेच्या खिट्ट्यांनी टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे डोकं मिलिमीटरभरही हलत नाही. डोळे जाळीखाली, खोलीत एकट्याने, दार बंद. बाहेर आलं की गालावर जाळीचे वण उमटलेले असतात आणि पुढचा प्रवास सुरू होतो. चंदगडचा माणूस शंभर किलोमीटरच्या वर लांब. त्याला फिट येण्याची भीती असते म्हणून गाडी चालवायची नाही, एकट्याने फिरायचं नाही. म्हणजे सोबत एक धडधाकट माणूस रोज अडकला आणि त्याची हजेरी बुडाली. एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे, बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं झालं. पण रोजचा चहा, डबा, रिक्षा आणि सहा आठवड्यांचा बुडालेला रोजगार यांचा हिशेब यांत कुठे बसतो?

त्यात पावसाळा. मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद होतो, हे दरवर्षीचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये तर शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला होता. ज्याचे तीसपैकी सतरा भाग झाले होते, त्याने काय करायचं? मधे खंड पडू देऊ नका, असं डॉक्टर बजावतात. पंचगंगेला ते कोण सांगणार? म्हणून, एकदाच ऑपरेशन, त्यातच किरणं, आणि घरी, हे ऐकून आजरा-भुदरगडच्या माणसाला हायसं वाटलं तर त्याला अडाणी म्हणू नये. तो बरोबर प्रश्न विचारतो आहे.

त्यांची आणखी एक बाजू वैद्यकीय आहे आणि तीही मानायला हवी. ऑपरेशनची जखम भरेपर्यंत बाहेरचं रेडिएशन सुरू करता येत नाही. तीन-चार आठवडे जातात, कधी जास्त, आणि काही गाठी तेवढ्यात पुन्हा डोकं वर काढतात. आतली किरणं पहिल्याच दिवसापासून सुरू होतात. ग्लायोब्लास्टोमा परत येतो तोही बहुतेक वेळा मूळ जागेच्या दोनेक सेंटिमीटरच्या आतच. मग जिथे ती परत येणार तिथेच पहारा बसवला तर काय वाईट? तर्क इतका सरळ आहे की उलट बाजूने बोलणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात.

अडचण अशी की हा तर्क नवा नाही. तो एकदा पूर्ण ताकदीनिशी तपासून झालेला आहे. १९८०च्या दशकात आयोडीन-१२५चे दाणे मेंदूतल्या गाठीत तात्पुरते बसवायचे आणि बाहेरून रेडिएशनही द्यायचं, ही पद्धत अमेरिकेत-कॅनडात जोरात होती. अहवाल उत्साहाचे होते. दाणे बसवलेले रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगत होते. पण दाणे कुणाला बसवत? ज्याची गाठ लहान, एका बाजूला, हात पोचेल अशा जागी. जो चालता-बोलता आहे, वयाने बरा आहे त्याला. असे रुग्ण दाणे न बसवताही जास्त जगतात. हा गोंधळ सोडवायचा एकच मार्ग होता: अशाच निवडक रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करायची. टोरंटोच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवर ते केलं आणि १९९८मध्ये निकाल छापला. दाणे बसवलेल्यांचं मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, १३.८ महिने, न बसवलेल्यांचं १३.२. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००२मध्ये आला: ६८ आठवडे विरुद्ध ५९. फरक दिसतो, पण नुसत्या योगायोगानेही पडू शकेल एवढाच. वर दाण्यांच्या आसपासचा मेंदू किरणांनी मरून सुजतो आणि त्यासाठी पुन्हा कवटी उघडावी लागते, हा खर्च वेगळा. २००१मध्ये पोकळीत फुगा ठेवून त्यात द्रवरूप आयोडीन भरायचं साधन निघालं. तेही वाजतगाजत आलं आणि काही वर्षांत मागे पडलं.

असं का होत असावं? याचं उत्तर त्याहून जुनं आहे. १९२८मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्या कुळातला त्या गाठींच्या, रुग्णांचा मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढून टाकला. याहून मोठं, याहून सफाईचं ऑपरेशन काय असणार? तरीही आजार बरा झाला नाही. गाठ उरलेल्या भागात उगवली. ग्लायोमाच्या पेशी दिसणाऱ्या गाठीच्या किती तरी पलीकडे, मेंदूच्या तंतूंच्या वाटेने पांगलेल्या असतात. आणि आतून ठेवलेल्या दाण्यांचा स्वभाव नेमका उलटा. त्यांचा डोस जवळ प्रचंड, पण मिलिमीटरा-मिलिमीटराने झपाट्याने उतरत जाणारा. चकतीचा डोस पोकळीच्या पृष्ठभागापासून पाच मिलिमीटर आत ६० ग्रे असा ठरवतात, त्यापुढे तो वेगाने विरतो. शेजारचा निरोगी मेंदू वाचतो, हा त्याचा गुण; आणि पळालेली पेशीही वाचते, हा त्याच गुणाचा दोष. बाहेरून दिलेलं रेडिएशन पोकळीभोवतीचा रुंद पट्टा शेकून काढतं. म्हणून ग्लायोब्लास्टोमाच्या पहिल्या उपचारात चकती त्याची जागा घेऊ शकत नाही. फार तर त्यात भर घालू शकते. आणि भरच घालायची तर हेलपाटे तेवढेच राहिले.

यावर एक चांगला आक्षेप येतो. जुन्या चाचण्या आयोडीनच्या, ज्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ५९ दिवस. त्या काळी टेमोझोलोमाइड नव्हतं, एमआरआय आजच्याएवढा बारीक नव्हता, आणि चकतीत दाणे सारख्या अंतरावर, मेंदूला थेट न टेकणारे असे बसवलेले असतात. जुन्या साधनाच्या अपयशावरून नव्या साधनाला नापास का करायचं? खरं आहे, नापास करू नये. पण परीक्षा न घेता पासही करू नये. चकतीला अमेरिकेत २०१८मध्ये परत आलेल्या गाठींसाठी आणि २०२०मध्ये नव्याने निदान झालेल्या घातक गाठींसाठी परवानगी मिळाली, ती बाजारात आधीपासून असलेल्या साधनासारखंच हे सुरक्षित आणि उपयोगी आहे, एवढं दाखवून मिळणाऱ्या मार्गाने. रुग्ण जास्त जगतात हे सिद्ध करून नव्हे. चकती शोधणाऱ्या डॉक्टरांचीच ती बनवणारी कंपनी आहे. यात बेकायदा काही नाही. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत जेव्हा ‘परवानगीप्राप्त’ हा शब्द चमकतो, तेव्हा कसली परवानगी, हे विचारायला नको? टेमोझोलोमाइडचं उदाहरण समोर आहे. २००५मध्ये ५७३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुष्य १२.१ महिने आणि गोळीसह १४.६ असं निघालं. दोन वर्षं पार करणारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले. असा आकडा समोर ठेवला म्हणून जगभर पद्धत बदलली. आज आपल्या तालुक्याच्या गावी मेडिकलवालाही त्या गोळीचं नाव जाणतो.

मग पहिल्या ऑपरेशनचीच एक व्यावहारिक कोंडी आहे, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. चकत्या कवटी बंद करण्याआधी ठेवायच्या. त्या क्षणी हाताशी काय असतं? फ्रोझन सेक्शनचा रिपोर्ट, म्हणजे तुकडा गोठवून अर्ध्या तासात दिलेला अंदाज. गाठ नेमकी कुठल्या जातीची, तिच्यात कुठले जनुकीय बदल आहेत, हे कळायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात आणि पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो. चकती ठेवून बसल्यावर रिपोर्ट वेगळा आला तर? डोस परत काढून घेता येत नाही. गाठ परत आलेल्या रुग्णाचं तसं नसतं. त्याचं मूळ निदान फाइलमध्ये आहे. समोरचा ऊतक जिवंत गाठीचा आहे की आधीच्या शेकाने मेलेल्या मेंदूचा, एवढंच तेव्हा बघायचं असतं.

आणि दाण्यांचं घड्याळ थांबत नाही. साठा करून ठेवावा अशी ही वस्तू नव्हे. ऑपरेशनची तारीख धरून, एमआरआयवरून मोजून तितक्याच चकत्या मागवायच्या. रुग्णाला ताप आला, रक्ताची पिशवी मिळाली नाही, आयसीयूत खाट रिकामी नाही, महामार्ग पाण्यात गेला, कशानेही ऑपरेशन चार दिवस पुढे ढकललं की सीझियमची पाव ताकद पेटीतच संपली. सरकारी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख चार दिवस पुढे गेलेली ज्याने पाहिली नाही, असा माणूस या जिल्ह्यात सापडायचा नाही. ज्या पुराचा आणि अंतराचा दाखला देऊन चकती मागितली जाते, त्याच पुराने आणि अंतराने ती वाया जायची शक्यता सर्वांत जास्त. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयाला हा धोका थोडा, आपल्याला अधिक.

‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतून किरणं देतातच की, मग मेंदूला का नाही?’ हेही पुष्कळदा विचारलं जातं. देतात, आणि दिलीच पाहिजेत. तिथे इरिडियम-१९२ची आतली किरणं वगळली तर बरं होण्याची शक्यता कमी होते, यावर दुमत नाही. पण तो आजार बराच काळ एका जागी मुक्काम करतो, तिथे जायला नैसर्गिक वाट आहे, मशीनमधला दाणा काही मिनिटं आत जाऊन परत पेटीत येतो, आणि शेजारचे अवयव मेंदूपेक्षा जास्त सोसतात. तत्त्व एक असलं म्हणून फळ एक मिळत नाही. कर्करोगाच्या इतिहासात अवयव बदलला की नियम बदलल्याची उदाहरणं पोत्याने आहेत.

शरीरात दुसरीकडे, फुप्फुसात किंवा स्तनात, सुरू होऊन मेंदूत उतरलेल्या गाठींचं काय? मोठ्या माणसांत मेंदूतल्या गाठींत यांचीच संख्या जास्त. इथे चकतीची बाजू भक्कम आहे, कारण या गाठींच्या कडा स्पष्ट असतात, पेशी फार पांगत नाहीत आणि पाच मिलिमीटरचा पहारा पुरेसा ठरू शकतो. गाठ काढून नुसतं थांबलं तर ती परत येते हेही सिद्ध आहे: ह्यूस्टनच्या २०१७च्या चाचणीत वर्षभरात त्या जागी गाठ न आलेले रुग्ण नुसत्या ऑपरेशननंतर ४३ टक्के होते, नेमका शेक दिल्यावर ७२ टक्के. पण हा नेमका शेक, स्टिरिओटॅक्टिक म्हणतात तो, एक ते पाच बैठकांत संपतो. चकतीने वाचतील ते तीस हेलपाटे नव्हेत, पाच. पाच हेलपाट्यांसाठी कुणी किती खर्च आणि किती अनिश्चितता पत्करायची, हा हिशेब वेगळा होतो, आणि मागणीचा सूरही मग एवढा चढा राहू नये.

राहिला तो रुग्ण, ज्याच्यासाठी मी ही सोय मागतो. वर्ष-दीड वर्षापूर्वी पूर्ण ६० ग्रे देऊन झाले, आता गाठ परत आली, ऑपरेशन होण्यासारखं आहे, पण बाहेरून पुन्हा तेवढा डोस दिला तर निरोगी मेंदू जळेल. मेनिंजिओमासारख्या, फार घातक नसलेल्या पण पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या गाठींचे रुग्णही यातच येतात. यांच्यापुढे पर्याय थोडे, निदान आधीच हाताशी, आणि जवळ प्रचंड पण लांब शून्याकडे जाणारा डोस हाच इथे कामाचा. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याने मागणी करण्याचं कारण नाही. मेंदूचा सर्जन, रेडिएशनचा डॉक्टर आणि किरणांचा डोस मोजून आखणारा मेडिकल फिजिसिस्ट हे तिघं एका छताखाली रोज काम करतात, असं पश्चिम महाराष्ट्रातलं एक केंद्र पुरे. प्रत्येक रुग्णाची नोंद, दगावलेल्यांचीही, उघडी असावी. अशा रुग्णाने एकदा लांब जावं लागलं तरी जावं. एकदा जाणं आणि तीसदा जाणं यांत फरक आहे.

तीसदा जाण्याच्या दुखण्याला इथे औषध होतं. शाहू महाराजांनी शिक्षणाचं काय केलं हे आपण जयंतीला सांगतो, पण त्यातला क्रम विसरतो. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७चा. त्याच्या कितीतरी आधी, १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शाळा-कॉलेज शहरात होतंच. गावच्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला जागा नव्हती, म्हणून ते शिकत नव्हतं. महाराजांनी गावोगाव राजाराम कॉलेज काढायचा घाट घातला नाही. पोरांना कॉलेजच्या दाराशी राहतं केलं. रेडिएशनचं मशीन हे त्या कॉलेजसारखंच आहे: महाग, थोडंच असणारं, एका जागी चालणारं. मशीनपासून चालत जाण्याच्या अंतरावर पन्नास खाटा, दोन वेळचं जेवण, फिट आली तर धावून येणारी एक नर्स आणि सोबतच्या माणसाला पथारी, एवढं झालं की चंदगड आणि गगनबावडा मशीनच्या शेजारी आले आणि मांडुकलीचं पाणी निरुपद्रवी झालं. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे, तो कुठल्या नव्या किरणाने दिलेला नाही. इथे प्रत्येक पेठेत तालीम आहे, प्रत्येक समाजाचं बोर्डिंग आजही उभं आहे. एखाद्या पोरासाठी वर्गणी काढून लाखांनी रक्कम जमवणारं गाव पन्नास खाटा चालवू शकत नाही, हे मला पटवून द्या.

सगळ्यांना तीस भाग लागतात हेही खरं नाही. साठीच्या पुढच्या ग्लायोब्लास्टोमा रुग्णांत १५ भागांत ४० ग्रे आणि ३० भागांत ६० ग्रे यांत आयुष्याच्या लांबीत फरक पडत नाही, हे कॅनडातल्या चाचणीने २००४मध्येच दाखवलं. २०१७मध्ये ६५च्या पुढच्या ५६२ रुग्णांना हाच तीन आठवड्यांचा शेक देऊन त्यात टेमोझोलोमाइड जोडलं, तर मध्यम आयुष्य ७.६ महिन्यांवरून ९.३वर गेलं. फार अशक्त किंवा वयस्क रुग्णांत पाच भागांत २५ ग्रे हे पंधरा भागांच्या तोडीचं ठरलं, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत २०१५मध्ये दिसलं. पाच भाग म्हणजे सोमवारी यायचं आणि शुक्रवारी घरी. यासाठी नवं मशीन नको, सीझियम नको, परवाना नको. डॉक्टरने विचार करून लिहायचं आणि योजनेने कमी भागांनाही पूर्ण पैसे द्यायचे, एवढंच. भागांच्या संख्येवर बिल वाढत असेल तर कमी भाग कोण लिहील, हा प्रश्न कडू आहे, पण चकतीच्या वादापेक्षा तोच आधी विचारायला हवा.

‘म्हणजे गरिबाला कमीत भागवा, असंच ना?’ हा टोला येणार, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. गरिबाच्या वाट्याला उरलंसुरलं टाकायची आपली सवय जुनी आहे. पण कमी म्हणजे हलकं, हे वैद्यकात दरवेळी खरं नसतं. स्तनाच्या कॅन्सरला छातीचे स्नायूही खरवडून काढणारं ऑपरेशन सत्तरेक वर्षं जगभर चालू राहिलं. त्याहून लहान ऑपरेशन म्हणजे रुग्णाशी बेइमानी, असं मोठमोठे सर्जन म्हणत. अमेरिकेतल्या चाचणीत फक्त गाठ काढून शेक दिलेल्या बायका अख्खा स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या, आणि वीस वर्षांनी, २००२मध्ये हिशेब पुन्हा केला तरी निकाल तोच राहिला. तरण्या रुग्णाला तीस भाग द्यावेच लागतात. त्याच्या बाबतीत मी एकही कमी करायला सांगत नाही. त्याला खाट द्या म्हणतो.

खंडपीठाची आठवणही काहीजण काढतात: चाळीसहून अधिक वर्षं भांडलो, २०२५च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आणलंच, मग हेही आणू. तो लढा जिंकला गेला त्याचं कारण मागणी नेमकी होती. सहा जिल्ह्यांतला पक्षकार मुंबईला किती वेळा जातो, त्याला काय खर्च येतो, किती खटले पडून आहेत, हे कागदावर मांडलेलं होतं. मेंदूच्या गाठींबाबत तसा कागद आपल्याकडे कुणी मांडलेला मी पाहिला नाही. जिल्ह्यातल्या योजनेच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकता येतो: गेल्या तीन वर्षांत मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन किती जणांचं मंजूर झालं, किती जणांनी ठरलेले सगळे भाग पूर्ण केले, मधेच थांबलेले कुठल्या तालुक्यातले आणि कुठल्या महिन्यातले. उत्तरात जुलै-ऑगस्टचे आणि चंदगड-गगनबावड्याचे आकडे फुगलेले निघाले, तर खाटा किती आणि कुठे लागतील ते त्याच कागदावरून मोजता येईल. त्यात परत आलेल्या गाठींचा वेगळा रकाना मागितला, तर पश्चिम महाराष्ट्राला चकतीचं केंद्र परवडेल इतके रुग्ण आहेत की नाहीत, तेही कळेल.